धुमाल कोणत्या पानावर?

“ऐकलं का भाऊजी, पोट्टीवाले येऊन गेले काल,” वहिनींनी कंपाऊंडच्या भिंतीवरून बातमी टाकली. हातात पाण्याचा पाईप, आणि पाणी त्यांच्या गुलाबाऐवजी माझ्या चपलांवर.

“मग? जमलं?”

“जमते काय! पोट्टा काय करते म्हणून विचारलं, तर यांनी काहून सांगावं का साऊंड इंजिनिअर आहे? पोट्टीचा मामा लय पक्का. कोणती कंपनी, पॅकेज किती, पुण्याले आहे का हैदराबादले. शेवटी आमचा पोट्टाच बोलला, मी धुमालमधी पॅड वाजवतो. झालं! मामानं पोह्याची प्लेट खाली ठेवली अन् म्हणते कसा, म्हणजे पेपरात येते तेच ना? पोलीस गाडी जप्त करते, ते?”

पोट्टा म्हणजे वहिनींचा भाचा. शिकायला म्हणून मावशीकडे आला तो इथलाच झाला. नागपूरबाहेरच्या वाचकांना धुमाल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याला डीजे म्हटलं की हा पोट्टा चिडतो. डीजेत गाणं आधीच तयार असतं, धुमालमध्ये माणसं वाजवतात. उघड्या गाडीवर जनरेटर, स्पीकर रचून उभी केलेली भिंत, तिच्यापुढे ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ताशे, ढोल आणि घामानं निथळणारी पोरं. ताजबागच्या दर्ग्याच्या वाटेवरच्या संदलच्या, म्हणजे उरुसात चंदन नेण्याच्या, मिरवणुकांत हा प्रकार जोपासला गेला. मग गणपतीत आला, दुर्गेत आला, भीमजयंतीत आला, वरातीत तर आलाच, आणि तिकडे दुर्ग-रायपूरपर्यंत त्याचं राज्य आहे. कव्वाली घ्या, भीमगीत घ्या, देवीचं जसगीत घ्या नाहीतर मागच्या शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं गाणं घ्या. चाल कीबोर्डवर आणि ठोका पॅडवर. वाजवणारेही तेच, आजच्या संदलला जे हात, उद्याच्या गणपतीला तेच.

विजेवर चालणारं, रस्त्यावर वाढलेलं, कुठल्या कंपनीच्या जिवावर नसलेलं हे संगीत. इंग्रजी मासिकं ज्याला अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक म्हणून मिरवतात, त्याच्या सगळ्या अटी ते पुऱ्या करतं. तरी मामाला ते कळलं ते पोलिसांच्या बातमीतून. यात मामाचा दोष नाही. माझी नोकरी एका दैनिकात उपसंपादकाची, त्यामुळे पानं कशी लागतात ते पाहिलेलं आहे. धुमाल आला की मजकूर शहराच्या पानावर. लिहिणार क्राइमवाला. गाडीचा क्रमांक, कलम, डेसिबल, आयोजकावर गुन्हा. सांस्कृतिक पुरवणीचा माणूस त्या रात्री घरी झोपलेला असतो, आणि झोपमोड झाली म्हणून सकाळी तक्रार करणाराही तोच.

“पण मी साऊंड इंजिनिअर म्हणालो त्यात खोटं काय?” भाऊ बनियनवरच बाहेर आले. “जनरेटरवर एवढा डोलारा चालवते, फीडबॅक येऊ देत नाही, ते इंजिनिअरिंग नाही तर काय स्वयंपाक आहे?”

“स्वयंपाकाले कमी समजू नका,” वहिनी.

भाऊंचं सीताबर्डीला कॅसेटचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण संगीताच्या धंद्यात कोणाची हवा का झाली आणि कोणाची का नाही, हा विषय निघाला की त्यांच्यासमोर कुणी टिकत नाही. त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं दिवाळीत काही इंग्रजी संगीत मासिकं टाकली होती. भाऊंनी ती दुपारच्या झोपेआधी पुरवून पुरवून वाचली.

“तुमच्या त्या मासिकवाल्यांचं एक सांगतो, पत्रकारसाहेब,” ते भिंतीला टेकले. “आपल्याकडचं काही छापायचं तर पहिले ते साता समुद्रापार जाऊन यायला पाहिजे. चरणजित सिंगचं घ्या.”

चरणजित सिंगची गोष्ट भाऊंनी आधीही सांगितलीय, पण ती आहेच तशी. मुंबईचा वादक. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार, बास, कीबोर्ड वाजवणारा, पंचमदांकडेही वाजवलेला. पडद्यावर ज्याचं नाव येत नाही अशा शेकडो माणसांपैकी एक. 1982 साली त्यानं एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, आणि वाजवायला तीन जपानी यंत्रं, तिन्ही रोलँड कंपनीची : ज्युपिटर-8, ठोक्यासाठी 808 आणि बाससाठी टीबी-303 नावाचा छोटासा डबा.

“विकली?” वहिनींनी विचारलं. वहिनींचा प्रश्न नेहमी हाच असतो आणि तोच खरा असतो.

“नाही चालली. माझ्याकडे तर आलीच नाही. अन् आली असती तर ठेवली कुठे असती मी? शास्त्रीयच्या खणात ठेवली तर भीमसेन जोशी घ्यायला आलेला माणूस मला शिव्या देईल. डिस्कोच्या खणात ठेवली तर ‘कुर्बानी’ मागणारा पोट्टा परत करायला येईल.”

मला हे पटतं. खण नसेल तर माल दिसत नाही, आणि पान नसेल तर बातमी. ही तबकडी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, इंग्लंडात ‘मिक्समॅग’ सुरू झालं, डीजे लोकांसाठीचं सोळा पानी कृष्णधवल नियतकालिक म्हणून. पुढे तेच नाचाच्या संगीताचं मोठं मासिक झालं. तिकडे खण तयार होत होता, इकडे माल पडून होता.

मग 2002 साली दिल्लीच्या एका जुन्या दुकानात एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाच्या हाती ती तबकडी लागली. त्यानं ऐकली आणि गडबडला. कारण कानावर येत होतं ते ‘ॲसिड हाऊस’, जे शिकागोत जन्मलं असं सगळं जग मानतं; त्याची पहिली म्हणून मिरवली जाणारी तबकडी, ‘फ्युचर’ या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’, 1987 ची. आणि ही पाच वर्षं आधीची! बाउमननं मुंबईत चरणजितना शोधून काढलं आणि 2010 मध्ये तबकडी पुन्हा काढली. तेव्हा काहींना वाटलं, ही थाप आहे. एफेक्स ट्विनसारख्या कुणीतरी गोऱ्या खोडसाळ संगीतकारानं बनावट भारतीय नाव घेऊन केलेली. म्हणजे मुंबईतल्या सरदारजीनं हे केलं असेल यापेक्षा, इंग्रजानं सरदारजी असल्याचं सोंग घेतलं असेल, हे त्यांना जास्त सोपं वाटलं.

“हात मेल्यांचा!” वहिनी.

2011 मध्ये ‘गार्डियन’नं लिहिलं, मग सगळ्यांनी लिहिलं. ॲसिड हाऊसचा जनक, चुकून शोध लावणारा म्हातारा, वगैरे. आपल्याकडच्यांनी ते तिकडून उचललं. सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपातल्या मंचांवर जाऊन वाजवून आले. 2015 च्या जुलैमध्ये गेले.

“बरं झालं ना मग. उशिरा का होईना, नाव झालं,” वहिनी म्हणाल्या.

इथे भाऊंचं आणि माझं जुनं भांडण आहे. भाऊंना वाटतं झालं ते न्यायाचंच झालं. माझं म्हणणं, आधीचं मौन जितकं फसवं तितकाच नंतरचा गजरही. शिकागोच्या त्या पोरांनी चरणजितची तबकडी ऐकल्याचा काडीचा पुरावा नाही. झालं इतकंच की दोघांच्या हाती एकच डबा आला. टीबी-303 कंपनीनं बनवला होता तो एकट्या गिटारवाल्याला सरावाला बास मिळावा म्हणून. पण त्याचा आवाज बाससारखा येईना, खप झाला नाही, दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद पडलं आणि डबे मातीमोलानं जुन्या बाजारात आले. शिकागोच्या गरीब काळ्या पोरांना ते परवडले. त्यांनी वाजतं ठेवून त्याच्या खुंट्या पिळल्या, आणि तो चिरकणारा आवाज ॲसिड म्हणून गाजला. चरणजितनी तो नवा असताना घेतला आणि त्यांना त्यात दिसली ती वेगळीच सोय : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. मींड! चावीच्या वाद्यात जी मिळत नाही ती मींड त्या डब्यात होती. म्हणून राग घ्यावासा वाटला. हा माणूस अपघातानं शिकागोला पोचला नव्हता, तो शिकागोला निघालाच नव्हता.

“मग यमन कसा वाजवला त्यानं?” वहिनींनी पाईप बंद केला. त्यांनी लग्नाआधी चार परीक्षा दिल्यात गाण्याच्या. “तीव्र मध्यम नीट लागला का? तोडीचा गंधार?”

बघा. एवढ्या कौतुकात हा प्रश्न कुणी विचारला? जनक कोण, आधी कोण, यंत्र कुठलं, यावर रकाने भरले. तोडी तोडीसारखी वाटते का, यावर मराठीत एखादं जाणकार परीक्षण माझ्या वाचनात आलं नाही. इंग्रजी मासिकवाल्याला राग कळत नाही, रागवाल्याला यंत्र चालत नाही. मध्ये तबकडी पडलेली. आधी कुणी ऐकलं नाही म्हणून छापलं नाही, आणि नंतर न ऐकताच छापलं.

याहून जुनं प्रकरण अहमदाबादचं. 1969 साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्युडर या अमेरिकी संगीतकारानं चक्क मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ थाटला, गीता साराभाईंचा त्यात पुढाकार. आपल्याच लोकांनी तिथे फिती केल्या. त्या संग्रहात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस या लंडनच्या कलावंतानं धुंडाळल्यावर 2023 मध्ये बाहेर आल्या. पुन्हा बोट बाहेरच्याचं.

“गोव्याचं सांगा ना,” भाऊंना आता रंग चढला होता. “तिथे तर आपल्या दारातच होतं सगळं.”

गोव्याची गंमत अशी की किनारा एकच, पानं दोन. हणजुण्याच्या, वागातोरच्या रात्रभराच्या नाचांतून नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ उभं राहिलं. गोवा गिल म्हणून ओळखला जाणारा कॅलिफोर्नियाचा माणूस तिथे म्हातारा झाला आणि 2023 मध्ये तिथेच वारला. इंग्रजी नाच-मासिकांना ती तीर्थयात्रा वाटली. इकडच्या वृत्तपत्रांना ती अमली पदार्थांची बातमी वाटली. दोन्हीत तथ्य होतं. दोन्हीत न सापडलेल्या म्हणजे चटया टाकून रात्रभर चहा-आम्लेट विकणाऱ्या गावच्या बायका. पहाटेपर्यंत हा ठोका त्यांच्याइतका कुणी ऐकला असेल? त्यांना एकदा विचारायचं होतं, कोणता बरा वाजवतो म्हणून.

“त्या सांगतील, ज्याच्या वेळी चहा जास्त खपते तो,” वहिनी म्हणाल्या, आणि मला वाटतं समीक्षा म्हणून हे वाईट नाही.

पुढे 2007 मध्ये कांदोळीला ‘सनबर्न’ सुरू झाला, तिकिटं लागली, प्रायोजक आले, आणि मग मासिकांना हे संगीत एकदम संगीताच्या पानावर दिसायला लागलं. 2008 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती निघाली होतीच. त्याआधी 1993 पासून अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघत होतं, तेही अमित सैगल या माणसाच्या हौसेवर. दिल्ली-मुंबई नव्हे, अलाहाबाद! ते मला जास्त मोलाचं वाटतं. पण तिथेही मान गिटारचा.

“म्हणजे गोऱ्यांचं तरी बरं आहे का? त्यांचं ते लवकर ओळखत असतील,” भाऊ म्हणाले.

कशाचं. 1988 च्या शरदात लंडनच्या ‘द सन’नं आधी ॲसिड हाऊसचे हसऱ्या चेहऱ्याचे टी-शर्ट वाचकांना विकले आणि काही दिवसांतच त्याच नाचांविरुद्ध मोहीम उघडली. 1994 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला, आणि त्यात बंदीयोग्य संगीताची व्याख्या काय, तर ज्यात मुख्यतः एकामागून एक तेच ते ठोके येतात ते. आमच्या चौकातल्या आजोबांनी पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज यापेक्षा वेगळा नव्हता. सारा थॉर्न्टन नावाच्या अभ्यासक बाईंनी 1995 मध्ये ‘क्लब कल्चर्स’ या पुस्तकात छान काडी टाकली : ही भूमिगत म्हणवणारी मंडळी आणि छापणारी मंडळी एकमेकांची वैरी नाहीत, एकमेकांवर जगतात. शिव्या छापून आल्या की नाचणाऱ्यांची शान वाढते. कौतुक छापून आलं की नाराज होतात, आता हे आमचं राहिलं नाही म्हणून.

आमच्या पोट्ट्याला ही चैन नाही. त्याच्याविरुद्ध छापून आलं की त्याची शान वाढत नाही, सोयरीक मोडते.

आणि त्याच्यासारख्याचं कौतुक होतं तेव्हा कसं होतं? 2016 मध्ये रवी जाधवांनी ‘बँजो’ सिनेमा काढला, रितेश देशमुखचा. मुंबईच्या गल्लीतल्या बेंजोवाल्यांची गोष्ट, चांगला विषय. पण त्याला शोधायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागली, सिनेमातसुद्धा! न्युक्लिया या कलाकारानं रस्त्यावरचा हाच भरडा ठोका घेऊन ‘बास रानी’ हा अल्बम केला, 2015 मध्ये, आणि तो गाजला. त्यानं कुठून घेतलं हे तो लपवत नाही, माणूस गुणी आहे. पण मासिकाला त्याची मुलाखत घेता येते, कारण त्याला व्यवस्थापक आहे, अल्बम आहे, छापायजोगा फोटो आहे, पाठवायला इंग्रजी पत्रक आहे. धुमालकडे काय आहे? ऑर्डरची वही. लग्नसराईत कोरी तारीख नाही, आषाढात एकही ऑर्डर नाही. अल्बम नाही, कारण वाजवलं ते त्या रात्री त्या रस्त्यावर संपलं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण, त्यात आवाज फाटलेला. परीक्षणाला पाठवायची प्रतच नाही, तर परीक्षण कशाचं करणार?

“भाऊजी, पण एक सांगू?” वहिनी हळू झाल्या. “आमच्या सासूबाई शेवटच्या दिवसांत होत्या ना, तेव्हा गणपतीत ही गाडी खिडकीखालून गेली की पलंग हालायचा. पोट्टा आपलाच, पण तेव्हा मीच म्हटलं होतं, बंद करा रे मेल्यांनो.”

हे मान्य करायलाच हवं, नाहीतर आपणही त्या गजर करणाऱ्या मासिकांच्या रांगेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. सरकार सवलत देऊ शकतं ती वर्षातून 15 दिवस, मध्यरात्रीपर्यंत. स्पीकरच्या भिंतीपुढे 55 हा आकडा म्हणजे विनोद आहे. आजारी माणूस, तान्हं मूल, परीक्षेचा पोरगा, यांचा हक्क संगीताच्या आधी येतो आणि क्राइमवाल्यानं ते लिहिलंच पाहिजे. मुद्दा तो खोटं लिहितो असा नाही. मुद्दा, तो एकटाच लिहितो असा आहे. बालगंधर्वांचं नाटक उशिरापर्यंत चाललं म्हणून तक्रार झाली असती, तर पेपरनं तेवढीच छापून नाटकाचं परीक्षण रद्द केलं असतं का?

“लिहायचं काय पण त्यात?” भाऊंनी मुद्दाम डिवचलं. “धबधब, धबधब.”

तेवढ्यात पोट्टा आतून आला. रात्रीची ऑर्डर होती, डोळे सुजलेले. आणि भाऊंच्या प्रश्नाला त्यानंच उत्तर दिलं, दात घासता घासता. पॅडच्या आठ चौकोनांत कोणता आवाज कुठे बसवायचा हे प्रत्येक वादकाचं गुपित असतं. ढोलाचा खरा आवाज आधी भरून घ्यायचा, मग त्याला खालून जाडी द्यायची. गाडी अरुंद गल्लीत शिरली की भिंतींवरून ठोका परत येतो, म्हणून तिथे लय किंचित ओढायची, नाहीतर सगळं एकात एक गुंतते. चौकात मोकळं सोडायचं. संदलमध्ये कव्वाली संथ सुरू करून चढवत न्यायची, वरातीत पहिल्या ठोक्यालाच नवरदेवाचे मित्र नाचले पाहिजेत. मशिदीपुढे, दवाखान्यापुढे हात थांबवायचा, आणि परत सुरू करताना समेवरच यायचं, मधूनच नाही. “नाहीतर लोक हसते,” तो म्हणाला.

“अन् हे मामाले काहून नाही सांगितलं रे?” वहिनी ओरडल्या.

“त्यांनी पगार विचारला, मावशी. हे नाही विचारलं.”

यातलं एक वाक्यही मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. इंग्रजी नाही, मराठी नाही, आणि आमच्या दैनिकाच्या पुरवणीतही नाही. गल्लीच्या रुंदीप्रमाणे लय बदलणारा वादक बर्लिनमध्ये असता तर त्याच्यावर मुखपृष्ठकथा झाली असती.

तेव्हा संगीताची पानं लावणाऱ्या सर्वांना, मग ती मुंबईची चकचकीत मासिकं असोत की आमच्याच गावातल्या रविवार पुरवण्या, एवढीच विनंती. येत्या विसर्जनाला क्राइमवाल्याच्या मोटरसायकलवर मागे एक संगीत समजणारा माणूस बसवून पाठवा. कानात कापूस घालून आला तरी चालेल. डेसिबल क्राइमवाला मोजेल, यानं ताल मोजावा. वाईट वाजवलं असेल तर वाईट लिहावं, पोट्ट्यालाही तेच हवंय. आणि पॅड वाजवणाऱ्याचं नाव विचारून घ्यावं. गाडीचा क्रमांक आम्ही छापतोच आहोत.